एकत्र येण्याचा गुन्हा

टॉलपडल हे दक्षिण इंग्लंडातल्या डॉर्सेट परगण्यातलं शेतमजुरांचं खेडं. डिसेंबर १८३३मध्ये इथल्या थॉमस स्टँडफिल्डच्या घरी, माडीवरच्या खोलीत, काही माणसांना डोळ्यांवर पट्टी बांधून नेलं गेलं. ती गुडघे टेकून बसली, त्यांच्यापुढे काही मजकूर वाचला गेला. पट्टी सुटली तेव्हा समोर माणसाच्या सांगाड्याचं मोठं चित्र होतं. इथे जे ठरेल ते बाहेर फुटू देणार नाही, अशी शपथ त्यांनी घेतली आणि ती ‘फ्रेंडली सोसायटी ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल लेबरर्स’ या संस्थेची सभासद झाली. हा सगळा खटाटोप आठवड्याच्या मजुरीसाठी होता. ती दहा शिलिंगांवरून नऊवर, मग आठवर, मग सातवर आली होती, आणि मालक आता सहाची भाषा बोलत होते.

फेब्रुवारी १८३४मध्ये सहा जणांना अटक झाली. जॉर्ज लव्हलेस, त्याचा भाऊ जेम्स, थॉमस स्टँडफिल्ड, त्याचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन. जॉर्ज हा मेथडिस्ट पंथाचा प्रवचनकार. गावात कुणाच्या अध्यात ना मध्यात. मजुरीसाठी मजुरांनी संघटना करणं तोवर गुन्हा राहिलं नव्हतं, दहा वर्षांपूर्वीच संसदेनं तो कायदा उठवला होता. मग यांना अडकवायचं कशात? सरकारनं १७९७चा एक कायदा शोधून काढला. आरमारात बंड झाल्यावर, खलाशांनी एकमेकांना गुप्त शपथेनं बांधून घेऊ नये म्हणून तो केलेला होता. त्या कायद्याखाली नांगर हाकणाऱ्या सहा माणसांना सात वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि त्यांना ऑस्ट्रेलियाकडच्या कैद्यांच्या वसाहतींत पाठवण्यात आलं.

माणसं जोडली जाण्याला इंग्रजीत शब्दांची वाण नाही. गिल्ड, कंपनी, सोसायटी, लॉज, असोसिएशन, लीग, कॉम्बिनेशन, कॉन्स्पिरसी, युनियन. शब्दकोशात हे सगळे एकमेकांचे सोयरे. कायद्याच्या दारात मात्र त्यांतल्या काहींना मानाची सनद मिळाली आणि काहींना बेड्या. एकत्र कोण येतंय ते पाहून शब्द ठरायचा, आणि शब्द ठरला की शिक्षाही ठरायची. इंग्लंडच्या कामगारांनी दीडशे वर्षं जो लढा दिला त्याचा मोठा भाग या एका गोष्टीसाठी होता: आपल्या एकीला कायद्यानं कुठल्या नावानं हाक मारायची. त्या लढ्याचे निकाल पुढे मद्रास आणि मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचले.

सुरुवात गिल्डपासून करावी लागते. मध्ययुगातल्या इंग्लिश शहरांत एका धंद्याची माणसं वर्गणी काढून एकत्र बांधली जात. गिल्ड या शब्दाच्या मुळाशीही देणं, वर्गणी हाच अर्थ आहे. आजारी सभासदाला मदत, मेलेल्याच्या अंत्यविधीचा खर्च, मालाचा दर्जा आणि भाव, शिकाऊ मुलाची मुदत, हे सारं गिल्ड ठरवी. लंडनमध्ये याच मंडळ्या पुढे ‘लिव्हरी कंपन्या’ म्हणून मिरवू लागल्या. कंपनी म्हणजे मूळ लॅटिन अर्थानं एका पंक्तीला भाकरी खाणारे. १५१५मध्ये लंडनच्या नगरप्रमुखांनी ४८ कंपन्यांचा मानाचा क्रम लावून दिला. पहिला मान मर्सर म्हणजे कापड व्यापाऱ्यांना. पण हळूहळू पंक्तीला फक्त मालक उरले. रोजावर काम करणारा कारागीर आयुष्यभर रोजावरच राहू लागला. त्याला स्वतःचं दुकान थाटता येईना आणि कंपनीत शब्द टाकता येईना. मग त्यानं आपली वेगळी पंगत मांडली.

लंडनचे शिंपी यात सर्वांत पुढे. काम शोधणारे कारागीर ठरावीक दारूगुत्त्यांत जमत. तिथे नोंदवही असे, मालकाला माणूस हवा असला की तो तिथे निरोप धाडी. जिथे नोकरीची यादी तिथेच मजुरीचा भाव ठरणार, हे उघड होतं. १७२०च्या सुमारास मालक शिंप्यांनी संसदेकडे तक्रार केली, की सात हजारांहून जास्त कारागिरांनी एकजूट करून मजुरी वाढवली आहे आणि सुटीची वेळ एक तास आधी आणली आहे. संसदेनं तत्परतेनं कायदा करून शिंप्यांची एकजूट बेकायदा ठरवली, मजुरीला वरची मर्यादा घातली आणि कामाचे तास ठरवून दिले. पुढच्या ऐंशी वर्षांत एकेका धंद्यासाठी असे कितीतरी कायदे झाले.

छापखान्यांतली तऱ्हा निराळी होती आणि ती जरा थांबून पाहण्याजोगी आहे. इंग्लिश छापखान्यातल्या कामगारांच्या मंडळाला ‘चॅपल’ म्हणत, म्हणजे प्रार्थनामंदिर, आणि त्याच्या प्रमुखाला ‘फादर ऑफ द चॅपल’. जोसेफ मॉक्सननं १६८३च्या सुमारास मुद्रणकलेवर लिहिलेल्या ग्रंथात या चॅपलच्या चालीरीती आणि दंड नोंदवलेले आहेत. जुळाऱ्यानं टाइप सांडले, कुणी मारामारी केली, कुणी रात्री दिवा जळता ठेवून गेला, तर चॅपल दंड करी आणि तो पैसा सर्वांच्या कामी येई. छापखान्यांतल्या युनियनच्या शाखेला हेच नाव विसाव्या शतकातही चालू होतं. स्वतःची शिस्त स्वतः लावणारी, स्वतःचा निधी सांभाळणारी कामगारांची संस्था कायदा होण्याच्या कितीतरी आधीपासून छापखान्यात रुजली होती, हे यावरून दिसतं.

१७७६मध्ये अ‍ॅडम स्मिथनं ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये या पक्षपातावर नेमकं बोट ठेवलं. मालक सदासर्वकाळ एक असतात, पण त्यांच्या एकजुटीची चर्चा होत नाही, कारण ती नेहमीचीच बाब. मजुरांची एकजूट मात्र लगेच कानावर येते. शिवाय मजुरी वाढवण्यासाठी एकत्र येण्याविरुद्ध संसदेचे कायदे आहेत, ती उतरवण्यासाठी एकत्र येण्याविरुद्ध एकही नाही. बाजाराचा पुरस्कर्ता म्हणून ज्याचा हवाला दिला जातो त्या माणसाचं हे निरीक्षण आहे. ते जितकं वाचलं जायला हवं तितकं वाचलं जात नाही.

फ्रान्समधल्या क्रांतीनं इंग्लंडचे सत्ताधारी धास्तावले होते. एप्रिल १७९९मध्ये गिरणीयंत्रं बांधणाऱ्या कारागिरांच्या एकजुटीविरुद्ध एक विधेयक संसदेत आलं, तेव्हा एका धंद्यापुरता कशाला, सगळ्याच मजुरांसाठी कायदा करा, अशी सूचना विल्यम विल्बरफोर्स यांनी केली. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध आयुष्य वेचणारा हाच तो विल्बरफोर्स. पंतप्रधान पिट यांच्या सरकारनं काही आठवड्यांत ‘कॉम्बिनेशन अ‍ॅक्ट’ मंजूर करून घेतला. मजुरी वाढवण्यासाठी किंवा तास कमी करण्यासाठी एकत्र येणाऱ्याला तीन महिने तुरुंग किंवा दोन महिने सक्तमजुरी, तीही ज्यूरीशिवाय, एका दंडाधिकाऱ्याच्या तोंडी निकालावर. ओरड झाल्यावर १८००मध्ये सुधारणा झाली. दंडाधिकारी दोन झाले आणि ते त्याच धंद्यातले मालक नसावेत असं ठरलं. मालकांच्या एकजुटीलाही दंड लिहिला गेला, पण तो कागदावरच राहिला.

गंमत अशी की विमा आणि मदतनिधी चालवणाऱ्या ‘फ्रेंडली सोसायटी’ला १७९३च्या कायद्यानं मान्यता होती. आजारपण आणि अंत्यविधी यांसाठी मजुरांनी पैसे साठवले तर गरिबांना पोसण्याचा सरकारी खर्च वाचतो, हे मालकवर्गाला पटलेलं होतं. त्यामुळे पुष्कळ संघटना त्या नावाच्या आडोशाला राहिल्या. बाहेर पाटी मदतनिधीची, आत पेटीत संपाचा पैसा. टॉलपडलच्या मजुरांनी तेच नाव घेतलं होतं.

कॉम्बिनेशनचा कायदा उठवण्यामागे एका शिंप्याची चिकाटी आहे. फ्रान्सिस प्लेस तरुणपणी चामड्याच्या विजारी शिवायचा. १७९३च्या संपाचं पुढारपण केल्यामुळे त्याला कित्येक महिने कुणी काम दिलं नाही आणि घरात उपासमार झाली. पुढे लंडनच्या चेअरिंग क्रॉस भागात त्याचं दुकान चांगलं चाललं. दुकानामागच्या खोलीत त्यानं ग्रंथसंग्रह जमवला आणि सुधारणावादी मंडळींचा तो अड्डा झाला. खासदार जोसेफ ह्यूम यांना पुढे करून, समितीपुढच्या साक्षीदारांची तयारी स्वतः करून घेऊन, प्लेसनं १८२४मध्ये कायदा रद्द करवला. त्याचा अंदाज असा होता, की बंदी गेली की संघटनाही आपोआप विरतील. ते घडलं नाही. संपांची लाट आली आणि १८२५मध्ये संसदेनं पुन्हा लगाम घातला. मजुरी आणि तास यांपुरती एकजूट चालेल, पण ‘धाकदपटशा’ आणि ‘अडथळा’ गुन्हा. या दोन शब्दांचा अर्थ लावायचा दंडाधिकाऱ्यानं, आणि तो बहुधा जमीनदार किंवा कारखानदारांच्या गोतातला.

टॉलपडलच्या निकालानंतर एप्रिल १८३४मध्ये लंडनच्या कोपनहेगन फील्ड्सवर हजारो कामगार जमले आणि शिस्तीत मोर्चा घेऊन गेले. दोन वर्षांनी सहाही जणांना माफी मिळाली. परत यायला १८३७ ते १८३९ उजाडलं. पाच जण पुढे कॅनडाला स्थायिक झाले. हॅमेट तेवढा गावी राहिला.

त्याच १८३४ साली संसदेनं ‘युनियन’ हा शब्द दुसऱ्याच कामाला लावला. गरीब कायद्यात सुधारणा करून अनेक गावपेठांना जोडून ‘पुअर लॉ युनियन’ करण्यात आल्या आणि प्रत्येकीसाठी एक कष्टघर उभं राहिलं. नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. लोक या कष्टघरालाच ‘द युनियन’ म्हणू लागले. ‘युनियनमध्ये गेला’ म्हणजे आयुष्य हरला. म्हातारपणी दृष्टी गेलेल्या जेम्स हॅमेटनं १८९१मध्ये डॉर्चेस्टरच्या अशाच कष्टघरात प्राण सोडला. मजुरांनी स्वतः बांधलेल्या युनियनसाठी ज्यानं शिक्षा भोगली, त्याला शेवटी सरकारनं बांधलेल्या युनियनमध्ये मरण आलं, ही वस्तुस्थिती कुठल्याही कादंबरीत अतिरंजित वाटली असती.

१८६७मध्ये न्यायालयानं आणखी एक घाव घातला. ब्रॅडफर्डच्या बॉयलर बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या खजिनदारानं २४ पौंड दाबून ठेवले. संघटना कोर्टात गेली तर निकाल असा, की तिचे नियम व्यापारात अडथळा आणणारे आहेत, म्हणून तिच्या पैशाला कायद्याचं संरक्षण नाही. चोरी सिद्ध होऊनही चोर सुटणार, अशी ही अवस्था. पुढच्याच वर्षी, जून १८६८मध्ये, मँचेस्टरला ३४ प्रतिनिधी जमले आणि ट्रेड्स युनियन काँग्रेस उभी राहिली. १८७१च्या कायद्यानं संघटनेला आणि तिच्या निधीला मान्यता दिली. १८७५च्या कायद्यानं ठरवलं, की एकट्यानं केल्यास जे कृत्य गुन्हा नाही ते औद्योगिक वादात अनेकांनी मिळून केलं म्हणून कॉन्स्पिरसी, म्हणजे कट, ठरणार नाही. करार मोडणारा मजूर तुरुंगात आणि मालकावर फक्त दिवाणी दावा, हा भेदही तेव्हाच गेला.

हिंदुस्थानात मात्र तो भेद राहिला. १८५९च्या तेराव्या कायद्याखाली मुंबई, मद्रास आणि कलकत्त्यात उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला तुरुंगात टाकता येई, आणि हा कायदा १९२५पर्यंत रद्द झाला नाही. इंग्लिश मजुराला मिळालेली सूट समुद्र ओलांडून यायला पन्नास वर्षं लागली.

मुंबईत आधी मालक एकत्र आले, तेही उघडपणे. बॉम्बे मिलओनर्स असोसिएशन १८७५ची. नऊ वर्षांनी नारायण मेघाजी लोखंडे यांनी तोच असोसिएशन शब्द घेऊन बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन काढली. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक आणि पूर्वी गिरणीत नोकरी केलेले लोखंडे. सप्टेंबर १८८४मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज कारखाना आयोगापुढे गेला. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत पगार, अशा मागण्या. एप्रिल १८९०मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

सरकारी अहवालानं १८९२मध्ये नोंद केली, की या संस्थेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. नोंद खरी आहे, पण तिच्यातून लोखंड्यांचं काम उणं ठरत नाही. इंग्लंडमध्ये यादी, निधी आणि नियम यायला गिल्डपासूनची काही शतकं गेली होती. मुंबईचा गिरणी कामगार कोकण आणि घाटावरून नुकता आलेला. जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या, मर्जीनं कामाला लागणारा, एकेका खोलीत दहा-पंधरा जणांनी मिळून राहणारा, खाणावळीत जेवणारा. त्याची एकी गावाच्या नावानं होती, चाळीतल्या गाववाल्यांच्या मंडळात होती. ती अहवालाच्या रकान्यात बसणारी नव्हती, पण संप सुरू झाला की तीच कामी येई. संप हा शब्दसुद्धा त्याच एकीचा. शेजारच्या गुजरातीत आजही संप म्हणजे सलोखा, एकोपा. इंग्रज कामगार काम थांबवतो त्याला स्ट्राइक म्हणतात. मुंबईकर कामगारानं काम थांबवणं आणि एक होणं एकाच शब्दात धरलं.

सभासदांची वही, वर्गणी आणि पावती असलेली पहिली मोठी युनियन मद्रासला झाली. एप्रिल १९१८मध्ये बी. पी. वाडिया यांनी बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांची मद्रास लेबर युनियन स्थापली. १९२०च्या अखेरीस वाद पेटला, आणि वाडियांनी कामगारांना करार मोडायला लावलं म्हणून गिरण्या चालवणाऱ्या बिनी कंपनीनं त्यांच्यावर उच्च न्यायालयात दावा ठोकला. न्यायालयानं मनाई हुकूम दिला. इंग्लंडमध्ये मागे पडलेला विचार इथे ताजाच होता. या निकालानं सगळे कामगार कार्यकर्ते हादरले. ऑक्टोबर १९२०मध्ये लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेस (आयटक) स्थापन झालीच होती; मार्च १९२१मध्ये ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात युनियनना संरक्षण देणाऱ्या कायद्याचा ठराव आणला.

कायदा व्हायला पाच वर्षं गेली. १९२६चा ट्रेड युनियन कायदा १ जून १९२७पासून लागू झाला. सात जणांनी मिळून युनियन नोंदवता येऊ लागली. युनियनच्या कामासाठी केलेल्या संगनमताबद्दल पदाधिकाऱ्यांवर फौजदारी कटाचा गुन्हा लागत नसे. संपामुळे करार मोडला म्हणून दिवाणी दावा चालत नसे. या कायद्यानं ट्रेड युनियनची जी व्याख्या केली तिची सुरुवात ‘कोणतंही कॉम्बिनेशन’ अशी होती. १७९९मध्ये ज्या शब्दासाठी तुरुंग होता, तोच इथे हक्काची व्याख्या झाला. शिवाय तिच्यात मालकांनी मालकांशी केलेली एकजूटही धरलेली होती. स्मिथनं दाखवलेली विषमता निदान व्याख्येपुरती मिटली.

लगेचच त्याची कसोटी लागली. १९२८मध्ये मुंबईच्या मालकांनी विणकराला दोनऐवजी तीन साचे, म्हणजे माग, आणि कातणाऱ्याला दुप्पट काम लावायला सुरुवात केली. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख कामगार बाहेर. अनेक जण गावी गेले, शेतावर राहिले. खाणावळवाल्यांनी उधारीवर जेवू घातलं. संप चालू असतानाच मे महिन्यात गिरणी कामगार युनियन उभी राहिली, लोकांच्या तोंडी ‘लाल बावटा’. डिसेंबरपर्यंत तिची सभासदसंख्या ५४,००० झाली. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणीत काम केलेले. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांच्याबरोबर बेन ब्रॅडली हा इंग्रज यंत्रकामगार पुढाऱ्यांत होता. तो इंग्लंडच्या अमॅल्गमेटेड इंजिनिअरिंग युनियनचा सभासद, म्हणजे तिकडची परंपरा त्याच्या रूपानं थेट परळमध्ये आलेली.

२० मार्च १९२९ला देशभर धरपकड झाली. मीरतच्या खटल्यात ब्रॅडली आणि फिलिप स्प्रॅट या इंग्रजांसह ३१ जणांना पकडलं गेलं, त्यांत आळवे आणि कासले हे गिरणी कामगारही होते. आरोप होता सम्राटाची सत्ता उलथवण्याच्या कटाचा, कलम १२१-अ. ट्रेड युनियन कायद्यानं संपापुरतं दिलेलं संरक्षण राजद्रोहाच्या कटाला लागू नव्हतं. खटला जवळजवळ चार वर्षं चालला. १९३३च्या जानेवारीत निकाल लागेपर्यंत बरेच आरोपी तुरुंगातच होते. टॉलपडलला आरमाराचा कायदा आणि मीरतला राजद्रोहाचा. कामगारांची एकी कायदेशीर झाली की तिला दुसऱ्या नावानं पकडायचं, ही रीत शंभर वर्षं तशीच टिकून होती.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६मध्ये, मुंबई सरकारनं औद्योगिक संबंध कायदा केला. एका भागात एका धंद्यासाठी एकच प्रातिनिधिक युनियन, आणि करार करण्याचा अधिकार फक्त तिला. वाटाघाटी सुटसुटीत व्हाव्यात हा हेतू होता. परिणाम असा झाला, की कामगार मनानं ज्या युनियनबरोबर असेल तिला बोलण्याचा हक्क नाही, आणि जिला हक्क आहे ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ त्याच्या विश्वासातून उतरलेली. १८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या पुढारीपणाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही महत्त्वाची होती. ती मान्य झाली नाही, आणि संपही औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही.

त्याच वर्षी, संप ऐन भरात असताना, मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपली संघटना टिकवण्यासाठी आंदोलन केलं. त्यांच्या वसाहती वरळी आणि नायगावला, गिरण्यांच्या अगदी शेजारी. घरोघरी एक भाऊ पोलिसात आणि दुसरा साच्यावर. १८ ऑगस्ट १९८२ला सरकारनं संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना पहाटे पकडलं. शिपाई रस्त्यावर आले, गिरणी कामगार त्यांना मिळाले, आणि शहरात लष्कर बोलवावं लागलं. पोलिसांच्या संघटनांवर १९६६च्या केंद्रीय कायद्यानं मर्यादा घातलेल्या होत्या, त्याचाच आधार सरकारकडे होता. अनेक शिपायांची नोकरी गेली आणि संघटना मोडली. कामगाराला १९२६मध्ये मिळालेला एकत्र येण्याचा हक्क खाकी वर्दीतल्या त्याच्या भावापर्यंत पोहोचला नव्हता.